विश्लेषण : तासाभराच्या रेकॉर्डिंगसाठी संगणक चोवीस तास जागा का?

दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलेला संगणक रात्री नऊचा कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी सकाळपासून सुरू ठेवला जातो. कार्यक्रम संपतो, घर झोपते, संगणक मात्र जागाच राहतो. वास्तविक कामापुरते आपणहून उठणे आणि काम संपताच झोपणे हे संगणकाला कित्येक वर्षांपासून जमते. तरीही ही सोय बहुतेक घरांत बंद का असते, ती कशी चालते आणि नेमकी कुठे फसते?

रेकॉर्डिंगचा हा संगणक कोणता?

जुना डेस्कटॉप किंवा टीव्हीमागे बसणारा छोटा संगणक, त्यात टीव्हीचे सिग्नल पकडणारे ट्यूनर कार्ड, एक मोठी हार्ड डिस्क आणि मिथटीव्ही, टीव्हीहेडएंड किंवा व्हीडीआर यांसारखे मोफत सॉफ्टवेअर, एवढाच हा संसार. पडद्यावर मेन्यू दाखवण्यासाठी अनेक जण सोबत कोडी वापरतात. मिथटीव्हीचे काम अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोजची मीडिया सेंटर आवृत्ती आणली. विंडोज १० मधून ती सोय काढून टाकली गेली, पण मोफत सॉफ्टवेअरची परंपरा चालू राहिली.

महाराष्ट्रातल्या घरासाठी याचा थेट उपयोग म्हणजे डीडी फ्री डिश. प्रसार भारतीच्या या सेवेला मासिक शुल्क नाही. ९३.५ अंश पूर्वेकडील जीसॅट-१५ उपग्रहाकडे डिश वळवली की उघड्या, म्हणजे कुलूपबंद नसलेल्या वाहिन्या संगणकातल्या उपग्रह ट्यूनरवर थेट घेता येतात. खासगी डीटीएच आणि केबलच्या वाहिन्या कुलूपबंद असतात, त्या फक्त त्यांच्याच बॉक्समध्ये उघडतात. त्या बॉक्समध्ये केलेले रेकॉर्डिंगही सहसा त्याच बॉक्सपुरते आणि वर्गणी चालू असेपर्यंतच कामाचे असते. स्वतःच्या संगणकावर उतरवलेला उघड्या वाहिनीचा कार्यक्रम मात्र घराच्या मालकीच्या डिस्कवर राहतो.

जागे राहण्याची किंमत किती?

साधा जुना डेस्कटॉप काही काम नसतानाही ४० वॅटच्या आसपास वीज घेतो असे धरू. वर्षभर चोवीस तास चालू राहिला तर होतात सुमारे ३५० युनिट. आता हाच संगणक दिवसातून तीन तास जागा राहिला आणि उरलेले एकवीस तास २ वॅटवर झोपला, तर वर्षाला जेमतेम ५९ युनिट लागतात. फरक साधारण २९० युनिटचा. एका युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे २,९०० रुपये. ज्या घराचा वापर आधीच वरच्या टप्प्यात आहे, तिथे वाचलेले प्रत्येक युनिट महागड्या दराचे असते.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये तिथल्या सेट-टॉप बॉक्सची वीज मोजली, तेव्हा देशभरातले बॉक्स वर्षाला सुमारे २७ अब्ज युनिट खातात असे दिसले. त्यातली बहुतांश वीज कोणी काही पाहत किंवा रेकॉर्ड करत नसताना जात होती. युरोपीय संघाने स्टँडबायमधल्या विजेवर कायदेशीर मर्यादा घातली. २०१० पासून ती १ ते २ वॅट आणि २०१३ पासून ०.५ ते १ वॅट अशी होती. दोन्ही ठिकाणचा धडा सारखाच होता. वीज कार्यक्रमात जात नव्हती, वाट पाहण्यात जात होती.

झोपलेला संगणक आपणहून उठतो कसा?

मदरबोर्डवर एक वेगळे घड्याळ असते. संगणक बंद असला तरी ते एका लहान बटन सेलवर चालते. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद मिळतो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हेच तंत्र असते. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी संगणकात हे घड्याळ आले, आणि त्यात गजराची सोय तेव्हापासूनच होती.

पण गजर वाजला तरी बंद संगणकाला उठवायला थोडी वीज लागते. ती सोय १९९५ च्या एटीएक्स रचनेने केली. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत या रचनेचा वीजपुरवठा मदरबोर्डला ५ व्होल्टची एक बारीक धार सतत देत राहतो. पुढच्या वर्षी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हा नियमसंच जाहीर केला आणि झोपेच्या पायऱ्या ठरल्या. एस-३ मध्ये फक्त मेमरीला वीज मिळते, संगणक काही सेकंदांत उठतो. एस-४ मध्ये मेमरीतले सगळे डिस्कवर उतरवून यंत्र जवळपास बंद होते. एस-५ म्हणजे पूर्ण बंद, मात्र गजर ऐकण्याइतके शुद्धीवर.

रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर मग एवढेच करते. पुढचा कार्यक्रम कधी आहे ते पाहते, त्याआधी चार-पाच मिनिटांचा गजर त्या घड्याळात भरते आणि संगणकाला झोपवते. लिनक्समध्ये हे काम आरटीसीवेक नावाची छोटी आज्ञा करते. विंडोजमध्ये टास्क शेड्युलरमध्ये ‘या कामासाठी संगणक उठवा’ अशा अर्थाची खूण असते, आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये वेक टायमरना परवानगी द्यावी लागते. मॅकमध्येही वेळापत्रक लावता येते. म्हणजे वेगळे यंत्र विकत घेण्याची गरज बहुधा नाही.

मग ही सोय फसते कुठे?

पहिला घोळ घड्याळाचाच. लिनक्स मदरबोर्डवरचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज स्थानिक वेळेवर. भारतात या दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर आहे. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली असतील, तर रात्री ९ च्या कार्यक्रमासाठी लिनक्स १५.३० असा गजर लावते आणि घड्याळ स्थानिक वेळेवर असल्याने संगणक दुपारी साडेतीनला उठतो. काम नाही असे पाहून तो पुन्हा झोपतो आणि नऊ वाजता घोरत असतो. याची दुसरी बाजू अशी की, फक्त लिनक्स असलेल्या संगणकाच्या बायोसमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसते. कोणीतरी ती ‘चुकीची’ वेळ दुरुस्त करते आणि नीट चाललेली व्यवस्था त्या दिवसापासून बिघडते.

अमेरिका-युरोपातल्या मराठी घरांना आणखी एक भानगड सांभाळावी लागते. तिथे वर्षातून दोनदा घड्याळे तासाने पुढे-मागे होतात. बायोसमधले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवले तर त्या दोन रात्री रेकॉर्डिंग तासाने चुकण्याची शक्यता असते. जागतिक वेळ पाळणे हाच दोन्हीकडचा सोपा उपाय. विंडोजलाही तसे करायला सांगता येते.

दुसरा घोळ जुना गजर न पुसण्याचा. लिनक्समध्ये आधीचा गजर बाकी असेल तर नवा भरता येत नाही, आधी शून्य लिहून जुना पुसावा लागतो. शिवाय काही जुन्या चिपवर गजर फक्त तास, मिनिट आणि सेकंदाचा असतो, तारखेचा नसतो. अशा यंत्राला आठवड्यानंतरचा कार्यक्रम सांगून उपयोग नाही. त्याला रोज एकदा उठवून पुढचा गजर भरून घ्यावा लागतो.

तिसरा घोळ ट्यूनरचा. संगणक उठतो, पण यूएसबीवरचे किंवा कार्डावरचे ट्यूनर झोपेतून उठल्यावर शुद्धीवर येत नाही. फाइल तयार होते, आत काहीच नसते. यावर दोन मार्ग आहेत. झोपण्याआधी ट्यूनरचे ड्रायव्हर उतरवायचे आणि उठल्यावर पुन्हा चढवायचे, किंवा एस-३ चा नाद सोडून संगणक पूर्ण बंद करायचा आणि गजरावर नव्याने सुरू होऊ द्यायचा. दुसऱ्या मार्गात एखादे मिनिट जास्त जाते, पण प्रत्येक वेळी सगळे पहिल्यापासून सुरू होत असल्याने तो अधिक भरवशाचा आहे.

लाइट गेली तर?

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. एस-३ झोपेत लाइट गेली की मेमरीतले सगळे जाते. घड्याळ बटन सेलवर चालत राहते, पण गजराच्या क्षणी वीज नसेल तर यंत्र उठणार कसे? लाइट पाच मिनिटांनी परत आली तरी तो गजर होऊन गेलेला असतो, संगणक तसाच पडून राहतो. काही मदरबोर्डवर तर वीज जाऊन आली की पुढचे गजरही विसरले जातात.

यावर बायोसमध्ये एक साधी सोय असते, वीज परत आल्यावर संगणक आपणहून सुरू होण्याची. ती लावली की लाइट आल्यावर संगणक उठतो, सॉफ्टवेअर वेळापत्रक पाहते, रेकॉर्डिंग बाकी असेल तर अर्ध्यातून का होईना सुरू करते आणि नसेल तर पुढचा गजर भरून झोपते. इन्व्हर्टरवरच्या घरात ही अडचण कमी येते. एक गोष्ट मात्र कोणीच पाहत नाही, ती म्हणजे बटन सेल. सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलचा दम संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते आणि सगळे गजर निरर्थक होतात. काही रुपयांच्या सेलने हजारो रुपयांची व्यवस्था अडते.

झोपायचे कधी, हे कोण ठरवणार?

उठण्यापेक्षा झोपणे अवघड आहे. उठण्याची वेळ ठरलेली असते, झोपण्याआधी मात्र यंत्राला घरात काय चालले आहे याचा अंदाज घ्यावा लागतो. एक रेकॉर्डिंग संपले, पण दुसरे दहा मिनिटांत सुरू होणार आहे का? दुसऱ्या खोलीत कोणी नेटवर्कवरून जुना भाग पाहत आहे का? मोठी फाइल कॉपी होते आहे का? फक्त माउस हलला नाही म्हणून संगणक झोपला, तर आतल्या खोलीत आजीची मालिका मध्येच थांबते. असे दोनदा झाले की घरातले कोणीतरी झोपेची सोय कायमची बंद करून टाकते. ही सोय घराघरांत बंद असण्याचे हे मोठे कारण आहे. तंत्र जमत नाही म्हणून ती बंद होत नाही, विश्वास उडतो म्हणून होते.

चांगल्या सॉफ्टवेअरने याचा विचार केलेला आहे. मिथटीव्हीचा मिथवेलकम हा भाग संगणक गजराने उठला की माणसाने बटण दाबून सुरू केला हे ओळखतो. गजराने उठला असेल तर पडद्यावरचा खेळ सुरूच करत नाही, रेकॉर्डिंग उरकून पुन्हा बंद होतो. माणसाने सुरू केला असेल तर त्याचे पाहणे संपेपर्यंत थांबतो. लिनक्समध्ये सिस्टिमडी ही व्यवस्था कोणत्याही कामाला ‘मी संपेपर्यंत झोपवू नका’ असे सांगण्याची मुभा देते. रोज ठरावीक वेळी तासभर जागे राहण्याची सोयही असते. कारण कार्यक्रमांचे वेळापत्रक प्रक्षेपणाबरोबरच येते, आणि सतत झोपलेल्या संगणकाला बदललेल्या वेळा कळतच नाहीत.

उलटा त्रासही होतो. माउसला धक्का लागला, नेटवर्क कार्डावर काही आले किंवा अपडेटने हाक दिली की संगणक मध्यरात्री उठतो आणि सकाळपर्यंत जागाच राहतो. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा शेवटचे कोणी उठवले आणि पुढचे गजर कोणते लागले आहेत हे दोन्ही सांगते. गुन्हेगार सापडला की त्याची उठवण्याची परवानगी काढून घ्यायची.

ओटीटीच्या काळात रेकॉर्डिंग कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. बहुतेक मालिका दुसऱ्या दिवशी ॲपवर मिळतात. छोटे बोर्ड संगणक चार-पाच वॅटवर चालतात, त्यांना झोपवले तरी फारसे काही वाचत नाही, हेही खरे. ज्याला नवे यंत्र घ्यायचेच आहे, त्याने असा बोर्ड घ्यावा. रास्पबेरी पायच्या २०२३ मधल्या पाचव्या आवृत्तीत तर गजराचे घड्याळही बोर्डावरच आले. हार्ड डिस्क दिवसातून पन्नास वेळा चालू-बंद करणे चांगले नाही, हाही मुद्दा बरोबर आहे. पण दिवसाला दोन-तीन वेळा उठण्याने डिस्कवर फार ताण येत नाही.

तरीही दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे ॲपवरचा कार्यक्रम पाहणाऱ्याचा नसतो. हक्क संपले की तो एका रात्रीत दिसेनासा होतो. गावाकडच्या कार्यक्रमाचे वृत्त, शाळेतल्या मुलांचा सह्याद्री वाहिनीवरचा सहभाग, एखादी मैफल, असे काही जपायचे असेल तर ते स्वतःकडेच असावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी विरुद्ध युनिव्हर्सल खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी एक गोष्ट मान्य केली. घरी नंतर पाहण्यासाठी कार्यक्रम टेप करणे हा न्याय्य वापर आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही खासगी, वैयक्तिक न्याय्य वापराला सूट आहे. ती घरापुरती आहे, रेकॉर्डिंग गटागटांत वाटण्यासाठी नाही, हेही तितकेच लक्षात ठेवायला हवे.

दुसरी गोष्ट, घरात जुना संगणक पडून असेल तर नवे यंत्र घेण्यापेक्षा त्यालाच झोपायला शिकवणे स्वस्त. चालणारे यंत्र भंगारात न जाणे हीदेखील बचतच.

जबाबदारी कोणाची?

आज ही सगळी जुळवाजुळव वापरणाऱ्याच्या माथी आहे. बायोसमधली खूण त्याने शोधायची, घड्याळाचा घोळ त्याने निस्तरायचा, ट्यूनर उठत नसेल तर उपाय त्याने शोधायचा. हे योग्य नाही. पश्चिम जर्मनीत १९८५ मध्ये व्हीपीएस ही पद्धत सुरू झाली. वाहिनी प्रक्षेपणासोबत कार्यक्रमाचा संकेत पाठवी आणि सामना लांबला किंवा बातम्या वाढल्या तरी व्हीसीआर योग्य वेळीच सुरू होई. म्हणजे वेळ पाळण्याची जबाबदारी प्रक्षेपकाने उचलली होती. डिजिटल प्रक्षेपणात वेळापत्रक पाठवायला स्वतंत्र जागाच आहे. सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या सेवेने ते वेळेवर आणि अचूक भरावे, ही मागणी अवाजवी नाही.

निर्मात्यांचा कल उलट दिशेला आहे. अनेक नव्या लॅपटॉपमधून एस-३ झोप काढून टाकली गेली आहे. त्याऐवजी आलेल्या मॉडर्न स्टँडबायमध्ये यंत्र पडदा मिटते, पण अधूनमधून नेटवर्कवरची कामे करत राहते. मोबाइलसारखे चटकन उठणे हा त्याचा फायदा. मात्र कधी झोपायचे आणि कशासाठी उठायचे यावरचा मालकाचा ताबा त्यात कमी होतो. झोपेचा प्रकार निवडण्याची मुभा बायोसमध्ये ठेवायला फारसा खर्च नाही. ती ठेवली जावी आणि यंत्राच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिली जावी.

घरच्या घरी तपासायचे कसे?

भरवसा ठेवण्याआधी परीक्षा घ्यावी. पाच मिनिटांनंतरचा गजर लावून संगणक झोपवावा आणि तो उठतो का पाहावे. मग पूर्ण बंद करून तेच करावे. पुढे रात्रभर झोपवून सकाळचा गजर लावावा, म्हणजे साडेपाच तासांचा घोळ असेल तर उघड होईल. त्यानंतर बिनमहत्त्वाच्या कार्यक्रमाचे खरे रेकॉर्डिंग लावून फाइल उघडून पाहावी. शेवटी झोपेत असताना भिंतीवरचे बटण बंद-चालू करून लाइट गेल्याची रंगीत तालीम करावी. कार्यक्रमाच्या आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटांची जागा सोडावी, क्रिकेट सामना असेल तर तासाभराची.

या पाच परीक्षांत एखादा रविवार जाईल. पण ज्या संगणकाने त्या पार केल्या, त्याला दिवसभर जागवण्याचे कारण उरत नाही, आणि जो नापास होतो तो कुठे अडला हेही कळलेले असते.